पुरायची वही

पप्पांची वही पुरायची की ठेवायची, हे मला गुरुवारी सकाळी अकराच्या आत ठरवायचं होतं. पनवेलहून आमच्या समाजातले शमुवेलकाका त्यासाठी येणार होते. नाशिकरोडची आमची प्रार्थनेची खोली मालकाला परत करायचं ठरलं होतं, कारण तिथे प्रार्थनेला यायला आता कोणी उरलं नव्हतं. कपाटातली जुनी पुस्तकं तेवढी मार्गी लावायची होती. आम्हा यहुद्यांमध्ये देवाचं नाव लिहिलेला कागद फाडत नाहीत, जाळत नाहीत, रद्दीत तर घालतच नाहीत. तो जीर्ण झाला की दफनभूमीत खड्डा करून त्यात ठेवतात, माणसाला ठेवतात तसा. काका फोनवर म्हणाले, "तुझ्याकडे पप्पांचं काही असलं तर तेही आण. पण वापरात असेल ते आणू नको. वापरातलं पुरायचं नसतं."

फोन ठेवला आणि कपाट उघडलं. आईच्या वायलच्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली वही खालच्या कप्प्यात होती. पातळाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि वही उघडल्यावर त्याच्या खालून दुसरा वास आला, मशीनच्या तेलाचा. पप्पा रेल्वेत फिटर होते. कितीही साबण लावला तरी बोटांच्या पेरांत ते तेल राहायचंच, आणि जिथे त्यांचं बोट फिरलं त्या पानाच्या कडेला करडी पट्टी उमटायची. वहीत जांभळ्या शाईने आमच्या हिब्रू प्रार्थना लिहिल्या होत्या, पण देवनागरीत, आम्हा मुलांना वाचता याव्यात म्हणून. फक्त देवाचं नाव जिथे येई तिथे त्यांनी मूळ हिब्रू अक्षरं काढली होती, मोठी आणि ठसठशीत. पानं आता पापडासारखी झाली होती. उलटायला गेलं की कोपरा हातात यायचा.

मी ती वही मांडीवर घेऊन बसले, आणि सकाळचा चहा तसाच गार झाला.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातून निघालेली, रेल्वेच्या नोकऱ्यांमागून घाट चढून आलेली मराठी माणसं. माझ्या लहानपणी नाशिकरोड आणि देवळाली मिळून आमची बऱ्यापैकी घरं होती. आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो, म्हणून शुक्रवार सकाळपासूनच वेगळा असायचा. आई काळे मनुके धुऊन पातेल्यात भिजत घालायची. दुपारी ते फुगून पाण्याला जांभळट रंग आला की हाताने कुस्करायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. संध्याकाळच्या आशीर्वादाला वाइन लागते, तिच्या ऐवजी आमच्याकडे हेच सरबत. एकीकडे कोंबडीच्या रश्श्यासाठी नारळाचं दूध काढणं चाललेलं असे, कारण मटणाला किंवा कोंबडीला जनावराचं दूध लावायचं नाही. मागच्या यार्डात शंटिंगची इंजिनं ओरडत असायची. वर्कशॉपचा भोंगा झाला की पप्पा सायकलवरून येत, अंघोळ करून पांढरा सदरा घालत, आणि काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लागला की घरातले आवाज आपोआप खाली येत. मला त्या क्षणी उगाच रडू यायचं. का ते विचारायचं वय नव्हतं.

रविवारी पप्पांची शाळा भरायची. विद्यार्थी म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ एझरा, आणि शेजारच्या क्वार्टर्समधली आमच्यातली आणखी दोन-तीन पोरं. पप्पा स्वतः मॅट्रिक नापास. पण शिकवायला बसले की भलताच ताठा यायचा त्यांच्या पाठीला. एक आज्ञा सांगायची, तिचा अर्थ सांगायचा, मग विचारायचं, "झालं पाठ?"

आम्ही ओरडायचो, "झालं."

"मग करून दाखवा."

हा त्यांचा ठरलेला शेवट. पाहुण्याला जेवू घालावं हे शिकलो की त्याच आठवड्यात कुणाला तरी घरी जेवायला आणायचं, आणि आणलेल्याला आपलं ताट द्यायचं. आजाऱ्याला भेटावं हे शिकलो की बिटको पॉइंटच्या पुढे राहणाऱ्या कुण्या खोकणाऱ्या आजोबांकडे आमची वरात निघायची. ते आजोबा बिचारे घाबरायचे. आईला हे सगळं जिवावर यायचं, विशेषतः पाहुण्याचा आठवडा.

मागच्या अंगणात पप्पांनी सायखेड्याहून आणलेली द्राक्षाची काडी लावली होती. जुन्या पाइपांचा मांडव करून ती त्यावर चढवली. फळ बारीक आणि आंबट, बागायतदाराने बघितलं तर हसला असता. पण फेब्रुवारी संपता संपता घड पिकायला लागले की पप्पांना जहागिरी मिळाल्यासारखं व्हायचं. एका वर्षी धडा होता द्राक्षमळ्याचा. शास्त्र सांगतं, मळ्यातलं फळ पार ओरबाडून घेऊ नये, खाली पडलेले मणी उचलू नयेत, ते गरिबाचे आणि परक्याचे. पप्पा म्हणाले, "आपल्याकडे मळा नाही, वेल आहे. वेलीलाही तेच लागू."

"मग पडलेली द्राक्षं कुणाची?" हे शालनने विचारलं. शालन शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची, बौद्धांची, माझ्याच वर्गातली. रविवारी खिडकीच्या गजांना धरून ती आमची शाळा ऐकायची.

"जो वाकेल त्याची," पप्पा म्हणाले. "आपण सोडून."

धडा मला शब्दन् शब्द पाठ झाला. पाठांतरात माझा हात धरणारं कोणी नव्हतं आणि हे मला चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेले तर मांडवाखाली सात-आठ मणी पडलेले, दव बसलेले. साळुंक्या अजून आल्या नव्हत्या. मी वाकले आणि एकेक करून तोंडात टाकले. कुंपणापलीकडून शालन बघत होती.

"काल तर म्हणत होतीस, पडलेलं तुमचं नाय म्हणून."

"पाठ केलेलं होतं ते," मी म्हटलं.

माझ्या तोंडात आंबट रस होता, तो गिळता येईना आणि थुंकताही येईना. शालन आता पुण्याला मुलीकडे असते. मध्ये एकदा फोनवर मी तिला ही गोष्ट सांगितली, तर तिला आठवतही नव्हती.

त्याच वर्षी पुढे सणाच्या दिवसांत प्रार्थनेच्या खोलीत मुलांचं वाचन ठेवलं होतं. मुलीने वाचायचं यावरून दोघा-तिघांनी नाकं मुरडली होती. पप्पांनी ऐकलं नाही. "अक्षराला काय कळतंय, मुलगा वाचतोय की मुलगी," म्हणाले. मला एका लाकडी स्टुलावर उभं केलं. समोर छापील हिब्रू पुस्तक. खोलीत अत्तराचा, ओल्या छत्र्यांचा आणि माणसांचा वास कोंदला होता. मी पुस्तकावर बोट ठेवलं आणि सुरू केलं. एकदाही अडखळले नाही. सगळे माना डोलवत होते. मला वाटलं, आता खाली उतरले की पप्पा मला उचलून घेणार.

आमचे हज्जान काका, म्हणजे प्रार्थना चालवणारे, पोटापाण्यासाठी मालगाडीवर गार्ड होते. ते माझ्या शेजारी उभे होते. ते पुस्तकावर वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं बाळ, अपची गाडी डाउनवर कशी गेली?"

निम्मी खोली रेल्वेची. हशा पिकला. मला काही कळेना. मग बघितलं, तर माझं बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडे चाललं होतं, शाळेतलं मराठीचं पुस्तक वाचताना जातं तसं. हिब्रू उजवीकडून वाचतात. मी वाचतच नव्हते. वहीतलं पाठ केलेलं म्हणत होते आणि बोट आपलं शोभेला फिरवत होते.

पप्पा हसले नाहीत. ते पुढे आले, माझ्या हातावर हात ठेवला आणि माझं बोट ओळीच्या उजव्या टोकाला नेलं. हळूच म्हणाले, "इथून." मी त्या टोकाकडे बघत राहिले. देवाच्या नावाची अक्षरं सोडली तर त्या पानावरचं एक अक्षर मला येत नव्हतं. मी तशीच स्टुलावर उभी राहिले आणि शेवटी आईने मला खाली उतरवलं.

घरी येताना एझरा सायकलच्या दांडीवर, मी मागे कॅरियरवर. सिन्नर फाट्याशी पप्पा पुढे बघूनच म्हणाले, "तुझी चूक नाही. वाचायचं काम मीच करून टाकलं होतं, तुझ्या वाटचंसुद्धा. वही म्हणजे कुबडी. पाय आले की कुबडी ठेवून द्यायची असते." मी त्यांच्या पाठीला गाल लावला होता. सदरा घामाने ओला होता आणि त्यालाही तेलाचा वास होता.

दुसऱ्या दिवसापासून वही कपाटावर गेली. दर गुरुवारी संध्याकाळी पप्पा पितळी ताटात मनुक्यांची अक्षरं मांडायचे. एका आठवड्याला एक अक्षर. ते बघायचं, मोडायचं, आपण पुन्हा मांडायचं. चुकलं तर ते मुकाट्याने एखादा मनुका सरकवून ठेवायचे. अक्षर नीट जमलं की तेच मनुके आई शुक्रवारी धुऊन सरबताला घ्यायची. एझराला तर बरेच दिवस वाटायचं की सरबतात अक्षर उतरतं म्हणून ते प्यायचं असतं. पप्पांनी त्याला नाही म्हटलं नाही. वर्षभरात मला सगळी अक्षरं आली. हळू, बोट लावून, पण आली.

इथे थांबले असते तर ही आठवण गोड झाली असती. पण मला आता कुणाची भीती नाही, तर खरं ते सांगते. पुढे शाळा, कॉलेज, पोस्टातली नोकरी. अक्षरं वापरात राहिली नाहीत. एकेक घर इस्राएलला गेलं. एझरा गेला, अशदोदला स्थायिक झाला. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. माणसं मोजायची नसतात, म्हणून हज्जान काका दहा शब्दांची एक ओळ म्हणायचे, एकेका माणसाला एकेक शब्द. ओळ पुरी झाली की प्रार्थना सुरू. मग ती ओळ आठव्या शब्दाला थांबायला लागली, मग सहाव्या. शेवटी काकाही मुलाकडे गेले, आणि ओळ म्हणणारंच कोणी राहिलं नाही. आई तर त्याआधीच गेली होती. मी आणि पप्पा, दोघंच.

पप्पांची दृष्टी साखरेने गेली. शुक्रवारी संध्याकाळी ते खुर्चीत बसून म्हणायचे, "आज तू वाच. पुस्तकातून." मी बरं म्हणायचे, आणि कपाटावरची वही काढायचे. सगळे शुक्रवार मी त्यांना वहीतून वाचून दाखवलं, पुस्तकातून वाचतेय असं सांगून. पाच वर्षं. माझा सूर लागायचा, उच्चार स्वच्छ यायचे, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा म्हणाले, "आता आलं बघ तुझ्या हाताला." मी म्हटलं, "हो पप्पा." त्यांना कळलं असेल का, पानांच्या आवाजावरून, मला माहीत नाही. कळलं असेल तर त्यांनी पुन्हा एकदा मला चारचौघांत उघडं पाडलं नाही, एवढंच. चारचौघं तरी कुठे होते म्हणा.

ते गेल्यापासून मी शुक्रवारी फक्त दिवा लावते. म्हणत काही नाही. वही मात्र जपली. पातळात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या बदलून. आणि आता काकांनी नेमकं तेच विचारलं होतं, वापरात आहे का.

गुरुवारी वही घेऊन गेले. दफनभूमीत चाफ्याची फुलं पडलेली होती आणि राखणदाराने कोपऱ्यात खड्डा खणून ठेवला होता. शमुवेलकाकांच्या गुडघ्यांनी त्यांना दगा दिलाय, ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, पायाशी पुस्तकांची दोन पोती. मी पातळ सोडून वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन पानं उलटली आणि बराच वेळ जांभळ्या शाईकडे बघत राहिले.

"अक्षर सुरेख होतं त्याचं," ते म्हणाले. "ही वापरात आहे का?"

हो म्हटलं असतं तर त्यांनी ती तशीच परत दिली असती. कोणी तपासायला येणार नव्हतं. माझ्याकडे पप्पांच्या हातचं दुसरं काही नाही, एक चिठ्ठीसुद्धा नाही.

"नाही," मी म्हटलं.

"नुसती आठवण म्हणून हवी असेल तर..."

"आठवणीला फोटो आहे, काका."

त्यांनी मान हलवली. सांत्वन वगैरे केलं नाही, ते बरं केलं. राखणदाराने पोती खाली ठेवली. वही मी दोन्ही हातांनी ठेवली, सगळ्यांच्या वर. काकांनी छोटी प्रार्थना म्हटली. मग आम्ही दोघांनी एकेक मूठ माती टाकली, बाकीची राखणदाराने ओढली. नळावर हात धुताना काकांनी विचारलं, "शुक्रवारी कोण असतं तुझ्याकडे?"

"कोणी नाही."

"हं," ते म्हणाले, आणि रुमाल पुढे केला. त्यांना रिक्षात बसवून मी घरी आले. पातळाचा तुकडा रिकामाच पिशवीत होता.

वाटलं होतं, ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट, मोठ्याने उच्चारलेलं ते 'नाही' माझ्याबरोबर घरी आलं आणि समोरच्या खुर्चीत बसलं. संध्याकाळी मी एझराला फोन केला.

"वही पुरली," मी म्हटलं.

तो म्हणाला, "सगळी?"

"अर्धी कशी पुरणार?"

"मग तू शुक्रवारी कशातून म्हणतेस?"

"म्हणत नाही. पप्पा गेल्यापासून नाही. आणि ते असतानासुद्धा..." मी त्याला सगळं सांगितलं. पाच वर्षांचे शुक्रवार. सांगून झाल्यावर त्याच्याकडच्या रस्त्यावरची हॉर्नचे आवाज तेवढे ऐकू येत होते.

"ताई, मी इथे इतकी वर्षं आहे आणि घाईघाईत निम्मं गाळतो," तो शेवटी म्हणाला. "मराठीत लिहून पाठवू का तुला? बसतो आत्ता."

"नको. घरातलं पुस्तक प्रार्थनेच्या खोलीचं होतं, ते मी कधीच परत केलं. शुक्रवारच्या छापील पानाचा फोटो पाठव."

"जमेल तुला?"

"पाठव तर."

शुक्रवारी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात त्या फोटोची मोठी प्रिंट काढली. दुकानदाराने कागद हातात घेऊन वरखाली फिरवला. "मॅडम, पान उलटं नाही ना आलं? उर्दू आहे का हे?"

"नाही. आमचं आहे."

"बरं," तो म्हणाला आणि कागद वाकू नये म्हणून पुठ्ठ्याला टाचणी लावून दिला. त्या कागदावरही देवाचं नाव आहे. म्हणजे हाही एक दिवस कोणीतरी पुरायला हवा. कोण, हा विचार मी रस्ता ओलांडताना केला आणि मग रिक्षा आली म्हणून सोडून दिला.

दुपारभर टेबलाशी बसले. निम्मी अक्षरं ओळखीची निघाली, निम्मी अशी बघत होती की जणू आम्ही कधी भेटलोच नाही. दालेत आणि रेश ही दोन तर जुळी भावंडं. एकाला मागे टाच असते आणि एक गोल वळतो, हे आठवायला अर्धा तास गेला. अक्षरांखालच्या, स्वर दाखवणाऱ्या ठिपक्या-काड्यांनी जीव घेतला. पण एखादा शब्द सुटला की त्याचा उच्चार कुठून तरी आधीच तोंडात यायचा, आणि मग मी स्वतःला अडवायचे. पाठ असलेलं पुढे पळू पाहायचं, त्याला थांबवून अक्षराबरोबर चालवायचं. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. वय एकसष्ट, आणि एका ओळीला घाम फुटला.

सरबत गाळून ठेवलं. सूर्य मावळायच्या आधी दिवा लावला, डोक्यावर ओढणी घेतली, आणि उभी राहिले. समोरच्या विहारातून वंदनेचे आवाज येत होते, पुष्कळ माणसं एका सुरात. घरात फ्रिज घरघरत होता. मी सरबताचा पेला उचलला आणि वाचायला सुरुवात केली. पप्पांच्या वेळी दोन मिनिटांत व्हायचं ते. मला किती वेळ लागला कोण जाणे, विहारातली वंदना संपली, माणसं चपला घालून पांगली, तरी मी वाचतच होते. दोन ठिकाणी चुकले असेन. सांगणारं कोणी नव्हतं. पण त्यातला एकही शब्द मी न वाचता म्हटला नाही.

शेवटचा शब्द झाला. आता समोरच्याने आमेन म्हणायचं असतं. तो आशीर्वाद ऐकणाऱ्याचा शब्द आहे. आपणच म्हटलेल्या आशीर्वादाला आपणच आमेन म्हणायचं नसतं. हे मला शिकवलेलं आहे.

म्हणून मी म्हटलं नाही. पेला हातात धरून थोडा वेळ थांबले, आणि सरबत प्यायले.